नंबर एक पडला तर

उस्ताद,

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही होतात तेव्हाही कधी लिहिलं नाही, आणि आता तर तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की तुमच्या गावातही तुम्हाला ओळखणारी माणसं थोडीच उरली असतील. पण दुपारनंतर मला घरी बसून राहायला सांगितलंय आणि बसून राहणं मला येत नाही. उजवा हात चालतो. डावा पण चालतो असं डॉक्टर म्हणतात, हलतो म्हणून ते म्हणत असतील, पण चहाचा कप धरला तर तो गरम आहे की गार हे त्या हाताला कळत नाही. मनाचंही साधारण तसंच झालंय. कोणी रडलं तर दिसतं, हसलं तर ऐकू येतं, पुढे काही होत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला रिपोर्ट द्यावा. रिपोर्ट छोटा आहे. मी पडलो, माझी जागा दुसऱ्याने घेतली, तुम्ही शिकवलं होतं अगदी तशीच घेतली. आता मी उठलोय. तर ती जागा कोणाची? हे तुम्ही शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं असेल आणि त्या दिवशी मी सिक रिपोर्ट असेन.

तुम्ही आम्हाला पहिल्यांदा तोफेसमोर उभं केलंत तो दिवस मला दिसतो. नाशिक रोडचं ऊन, डोक्यावर टोपी, बुटात वाळू. तुम्ही कोणाचं नाव विचारलं नाहीत. एकेकाच्या छातीवर बोट ठेवत गेलात, एक, दोन, तीन, आणि माझ्यापाशी येऊन म्हणालात, 'तू पाच.' घरी मला 'अरे' आणि 'ए' याशिवाय कोणी हाक मारत नव्हतं; पाच भावंडं, मळ्यात सतरा कामं, नाव घ्यायला सवड कोणाला होती. त्यामुळे नंबर मिळाला तेव्हा मला वाईट नाही वाटलं, उलट कोणीतरी आपल्याला मोजलं असं वाटलं. नंबर पाच म्हणजे गोळा आणून देणारा. मी झोपेतसुद्धा गोळा आणून देत होतो. शेजारच्या कॉटवरचा पंजाबी पोरगा सांगायचा की मी रात्री उशी उचलून त्याला देतो आणि तो 'रेडी' म्हणाला की परत झोपतो.

मग तो उन्हाचा दिवस. ड्रिल चालू असताना नंबर तीनला भोवळ आली आणि तो तोफेच्या चाकापाशी कोसळला. मी हातातलं सोडून त्याच्याकडे धावलो, पाण्याची बाटली उघडली, मला वाटलं आता तुम्ही शाबासकी देणार. तुम्ही ड्रिल थांबवलंत. ओरडला नाहीत, तेच वाईट होतं. सगळ्यांसमोर विचारलंत, 'वो गिरा, ठीक है. तू क्यूं गिरा?' मी म्हणालो, 'उस्ताद, मैं कहां गिरा?' तुम्ही म्हणालात, 'अपनी जगह से हटा ना? मतलब गिरा.' आणि मग आम्हा सगळ्यांना समजावलंत की पडलेल्याला मागचे लोक बघतील, शेजारच्याने त्याची जागा घ्यायची, तोफ थांबायची नाही. नंबर एक, म्हणजे तोफेचा कमांडर, पडला तर नंबर दोन हाच नंबर एक, आणि हे त्याला कोणी सांगावं लागलं तर उस्तादचं शिकवणं वाया गेलं. त्या संध्याकाळी मी लंगरला जेवायला गेलो नाही. तुम्ही बराकीच्या दारात आलात, बाकीच्यांना कळू नये म्हणून तुमच्या बागलाणच्या बोलीत हळूच विचारलंत, 'जेवना का नही?' मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही पुढे चालू लागलात आणि मी मागे. सगळे जवान उठून गेल्यावर तुम्ही जेवायचात हे मला तेव्हा कळलं, कारण त्या दिवशी तुमच्याबरोबर मी शेवटच्या पंगतीला होतो.

एकदा रविवारी तुम्ही मला क्वार्टरवर नेलंत. तुमच्या घरचं स्वयंपाकघर एवढंसं, स्टोव्ह, पाट, भिंतीला टेकवलेली पिठाची गोणी. तुमच्या घरच्या बाईंनी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा खुडा केला होता. मी बाहेर बूट काढून आत आलो तर काय बघतो, तोफखान्याच्या अख्ख्या बॅटरीला घाम फोडणारा माणूस जमिनीवर बसून कांदे चिरतोय. बाई म्हणाल्या, 'पाणी आना,' तुम्ही उठून पाणी आणलंत. त्या म्हणाल्या, 'बारीक चिरा, हाई काय घोडाना कांदा शे का?' तुम्ही बारीक चिरायला लागलात. मी हसू दाबत होतो. तुम्ही सुरी माझ्याकडे रोखून म्हणालात, 'दात काढू नको. आठे नंबर एक ही शे.' इथे, घरात, नंबर एक बाई, ही मला गंमत वाटली. मी बराकीत येऊन सगळ्यांना सांगितलीही, त्याबद्दल नंतर तुम्ही मला ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्यात.

तुमच्या जाण्याची बातमी मला युनिटमध्ये मिळाली. चहाची वेळ होती. तुमच्या गावाकडचा एक नाईक सुट्टीवरून आला होता, त्याने बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं, 'तुमचे उस्ताद गेले बरं का. पेन्शनीला आल्यावर घरातच असायचे, एक दिवस ओट्यावर बसल्या बसल्या गेले.' मी बरं म्हणालो. चहा संपवला. त्या दिवशी गार्ड ड्युटीला माझा टर्नआउट, म्हणजे वर्दी आणि बूट, चांगला होता असं साहेबांनी सांगितलं. बाकी काही आठवत नाही.

मी हवालदार होऊन घरी आलो. आल्या दिवसापासून सगळे मला मेजर म्हणायला लागले. फौजेतून आलेला प्रत्येक माणूस इथे मेजरच असतो, अगदी धोबी म्हणून भरती झालेला असला तरी. मी सुरुवातीला समजावून सांगायचो की मेजर वेगळा, हवालदार वेगळा. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, 'बरोबर आहे मेजर.' मग मी सोडून दिलं. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी चालून आली होती, ती मी नाही म्हणालो. मखमलाबाद रस्त्याला भावांचा मळा आहे, वांगी, मेथी, कोथिंबीर, सणाच्या आधी झेंडू. तिथे मला कशाला हात लावू देईनात. गुडघ्यावर बसून खुरपायला गेलो की भाऊ म्हणायचे, 'राहू द्या मेजर, तुम्ही बसा.'

धंद्याची कल्पना माझी नाही, हिची, माझ्या बायकोची. एकदा पंचवटीच्या भाजीबाजारातून आम्ही दोघं येत होतो. ही म्हणाली, 'लोकांना मेथी खायची असते, निवडायची नसते. आपण निवडून देऊ.' एवढंच. मी घरी आलो आणि तीन दिवस त्याच्यावर प्लॅन केला, नकाशा काढला, कुठून माल, कुठे गाडी, कोण कुठे उभं राहणार. ही म्हणाली, 'अहो, मेथी निवडायची आहे, पाकिस्तानवर जायचं नाही.' पण नकाशा कामाला आला. भावाने मळ्याच्या कडेची पत्र्याची शेड दिली. निवडलेली मेथी, चिरलेली भेंडी-गवार, सोललेला लसूण, पिशव्यांत भरून दोन खानावळींना आणि ओझरच्या बाजूच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनला. ऑर्डर व्हॉट्सॲपवर यायची, टेम्पो सकाळी ठरलेल्या वेळेला निघायचा. सहा बायका कामाला, ही सातवी, मी आठवा. एका तोफेला माणसं लागतात साधारण तेवढीच. मला फार बरं वाटलं होतं.

मग मी ती गोष्ट केली जी तोफखान्यातलाच माणूस करेल. लांब टेबलाच्या कडेला ऑइलपेंटने नंबर रंगवले. एक मी. दोन ही. तीन एक उंच बाई, जिच्या हाताला वेग होता. चार पेठकडची एक बाई, रोज पहिल्या एसटीने येणारी. असं आठपर्यंत. आणि सकाळी 'फॉलिन' म्हणून सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि सांगितलं, आजपासून कामावर नावं नाहीत, नंबर. मी मनापासून सांगत होतो, उस्ताद. तुम्ही मला जे दिलं तेच मी त्यांना देत होतो. पेठची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'मेजर, मी काय जेलात हाय का नंबर लावायला?' मी म्हणालो, 'अहो बाई, नंबर म्हणजे मान असतो.' ती म्हणाली, 'मग तुमच्या मानाचा तुम्हीच ठेवा. माझ्या आयबापानं बारशाला गूळ वाटला त्यो काय नंबर द्याया?' सगळ्या हसल्या. ही पण हसली, पदरात तोंड घालून. मी हिच्याकडे डोळे वटारले तर म्हणाली, 'मला कशाला रागावता? इतक्या वर्षांनी प्रमोशन झालं माझं, मी खूश आहे. नंबर दोन.'

नंबर राहिले. मी हट्टी आहे, तुम्हाला माहीत आहे. बायका माझ्यासमोर नंबराने बोलायच्या आणि माझी पाठ वळली की नावाने. पण बाकीचं बरंचसं चाललं. प्रत्येकीला दुसरीचं काम यायलाच पाहिजे हा तुमचा नियम मी लावला. चिरणारीने पिशवी भरायची, पिशवी भरणारीने वजन करायचं, आणि माल उतरवून घेणं सगळ्यांना. सुरुवातीला कुरकुर झाली. मग लग्नसराईत दोघी एकदम गैरहजर राहिल्या तरी टेम्पो वेळेवर निघाला, तेव्हा कुरकुर बंद झाली. नखं तपासायचो, केस बांधलेले आहेत का बघायचो. रजा कोणाची कापली नाही. सगळ्यांचं जेवण झाल्यावर डबा उघडायचो, तेव्हा पेठची बाई म्हणायची, 'मेजरांचा उपास हाय जणू.' जे चाललं नाही ते ओरडणं. आपल्याकडे फौजेत सकाळी आईबहीण काढली तरी संध्याकाळी एकाच मगात चहा व्हायचा. इथे एकदा मी उंच बाईला म्हणालो, 'डोळे कुठे ठेवून आलीस?' तर ती आठवडाभर आली नाही. ही तिच्या घरी जाऊन बसली, चहा प्यायली, तिच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि तिला घेऊन आली. मला म्हणाली, 'तुम्ही काही बोलू नका, फक्त या म्हणा.' मी या म्हणालो.

पण एका गोष्टीवर मी कधी ढिला पडलो नाही. दर थोड्या दिवसांनी सगळ्यांना उभं करून विचारायचो, 'नंबर एक पडला तर?' आणि हिने म्हणायचं, 'मी.' 'मग?' 'गाडी वेळेवर.' 'आणि पडलेल्याला?' 'मागचे बघतील.' ही ते पाठांतराला आलेल्या पोरीसारखं म्हणून दाखवायची आणि परत मेथी निवडायला बसायची. एकदा म्हणाली, 'सारखं काय पडला पडला, जिभेला काही हाड आहे का तुमच्या?' मी म्हणालो, 'ड्रिल आहे.'

तर मी पडलो. मार्केटयार्डात, गवार बघत असताना. मूठभर गवार उचलली, मोडून बघायला गेलो आणि बोटांनी ऐकलंच नाही. मला वाटलं मुंग्या आल्या. मग क्रेटवर आपटलो. हमाल माझ्याकडे बघून काहीतरी म्हणत होता, मी उत्तर देत होतो, पण माझ्या तोंडातून येत होतं ते मलाच कळत नव्हतं. त्यानेच माझ्या फोनवरून आधी भावाला लावला, मग हिला. भावाने मला उचलून दवाखान्यात नेलं. ही नंतर आली. मी खाटेवर, नाकात नळी, तोंड डावीकडे ओघळलेलं. ही माझ्या तोंडाशी वाकली. मी सगळा जोर लावून विचारलं, 'गाडी?' ते शब्दासारखं ऐकू आलं नसणार, पण हिला कळलं. म्हणाली, 'गेली. लावूनच आले.'

लावूनच आले. उस्ताद, हिची जाऊ, म्हणजे भावाची बायको, तिथेच होती. ती कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, 'नवरा मरायला टेकलाय आणि हिला भाजीची पडलीये.' मला शाबास म्हणायचं होतं हिला. मी शिकवलेलं तिने जसंच्या तसं केलं होतं. तुम्हाला कधी न बघता तिने तुमचं ऐकलं होतं. माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण डॉक्टर म्हणाले ते आजाराचं आहे, पापणी मिटत नाही म्हणून येतं. आणि मला वाईट वाटलं. हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी एवढी वर्षं ज्या उत्तराची घोकंपट्टी करून घेतली ते उत्तर बरोबर आलं आणि मला वाटलं, थोडं चुकली असती तर काय बिघडलं असतं.

घरी आल्यावर एकदा जीभ सैल झाली तेव्हा मी हिला विचारलंच. 'मी तेवढ्यात गेलो असतो तर?' ही माझ्या डाव्या हाताला तेल लावत होती. तशीच चोळत राहिली. म्हणाली, 'भाऊजी होते तुमच्यापाशी. मी येऊन काय डॉक्टर होणार होते?' मग तळव्याला तेल लावत म्हणाली, 'टेम्पो वळेपर्यंत मी हललेच नाही. मग रिक्षात बसले आणि जी रडायला लागले, तो रिक्षावाला आरशातून माझ्याकडेच बघायला लागला. त्याला म्हटलं, बाबा, तू पुढे बघ, घरातला एकच पुरे आहे दवाखान्यात.' ते ऐकून हसायला पाहिजे होतं. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. ती माझा हात चोळत होती आणि मला ते नुसतं दिसत होतं.

पुढचे महिने मी खाटेवरून छत बघितलं. ही पहाटे उठायची, माझं सगळं करायची, पोळ्या झाकून ठेवायची आणि जायची. दुपारी यायची तेव्हा अंगाला मिरचीचा वास. मी विचारायचो, 'रिपोर्ट?' ती म्हणायची, 'सगळं ठीक.' मी म्हणायचो, 'ठीक म्हणजे काय, सविस्तर सांग.' ती सांगायची. एका हॉटेलची नवीन ऑर्डर आली होती. माल बाजारातून आणण्याऐवजी तिने थेट भावांच्या आणि शेजारच्या मळ्यांतून घ्यायला सुरुवात केली होती. दोन नवीन पोरी कामावर आल्या होत्या. मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात चूक शोधत होतो. एखादी सापडली असती तर मी उठून बसलो असतो. सापडली नाही. भाऊ भेटायला आला की म्हणायचा, 'वहिनींनी भारी सांभाळलं हो, तुम्ही आता निवांत राहा.' निवांत हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही.

मला एकच पाहिजे होतं, उस्ताद. माझी जागा. बाकी हात आला नाही, तोंड वाकडं राहिलं, चालेल. थंडी पडायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडं बाहेर जा, माणसांत बसा. मी हिला काही सांगितलं नाही. ही गेल्यावर उठलो. इस्त्रीचा शर्ट घातला, एका हाताने बटणं लावायला शिकलो होतो. बूट एका हाताने पॉलिश केले, ते दोन्ही पायांत वेगवेगळे चमकत होते. रिक्षाने गेलो. रस्ताभर घोकत होतो की गेल्या गेल्या फॉलिन घ्यायचं, कमांड परत घेतली असं सांगायचं, हिला सगळ्यांसमोर शाबास म्हणायचं. शाबास मी विसरलो नव्हतो.

शेडच्या दारात उभा राहिलो तर आतून हसण्याचा आवाज. पूर्वी माझ्या वेळी बोलणं चालायचं, पण खालच्या आवाजात. आता सगळ्या गोल बसल्या होत्या, कोणी टेबलाशी, कोणी खाली पाट घेऊन, आणि पेठची बाई कोणाच्यातरी दिराच्या लग्नाचा किस्सा सांगत होती. टेबलाला नवा पांढरा रंग दिलेला. नंबर दिसत नव्हते. खोटं कशाला बोलू, कडेला वाकून मी शोधले. पेठच्या बाईने मला आधी बघितलं. 'अगं मेजर आलं. या, या. बसा.' कोणीतरी खुर्ची पुढे केली. त्या खुर्चीवर उशी होती. कोणीतरी घरून आणून, मी कधीतरी येईन म्हणून ठेवली होती. तिच्यावर फुलं विणलेली होती. मला कोणी गोळी मारली असती तरी चाललं असतं, पण ती उशी.

मी बसलो नाही. छाती पुढे काढली आणि जेवढा आवाज शिल्लक होता तेवढ्या आवाजात म्हणालो, 'फॉलिन.'

कोणी हललं नाही. दोन नव्या पोरींना तो शब्दच माहीत नव्हता, एक हसली आणि दुसरीने तिला कोपर मारलं. पण जुन्यांना माहीत होता. उंच बाईला माहीत होता, पेठच्या बाईला माहीत होता. त्यांनी ऐकला, आणि त्या दोघींनी, बाकीच्यांनीही, माझ्याकडे नाही बघितलं. हिच्याकडे बघितलं. एकाच वेळी, परेडला जशा माना वळतात तशा. तुम्हीच सांगायचात ना, हुकूम कोणाचा ते आवाजावरून ओळखू नका, जवानाची नजर कुठे जाते ते बघा. मी बघितलं. ही हातात मेथीची जुडी घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं. मग जुडी खाली ठेवली आणि अगदी हळू, घरात बोलते त्या आवाजात म्हणाली, 'साहेब सांगतायत ना. उभ्या राहा.'

आणि सगळ्या उभ्या राहिल्या. लगेच. पटकन पदर खोचून, ओळ धरून, नव्या पोरीसुद्धा. ही स्वतः पण येऊन ओळीत उभी राहिली, दुसऱ्या जागेवर. इतकी सरळ ओळ माझ्या सगळ्या काळात कधी लागली नव्हती. मी तिच्यासमोर उभा होतो. शाबास म्हणायचं होतं, कमांड घेतल्याचं सांगायचं होतं, ते राहिलंच. आजाराने नाही. मी विचारलं, 'सगळं ठीक?' पेठची बाई म्हणाली, 'समदं ठीक हाय, मेजर.' तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, उगाच तसं समजू नका. मी म्हणालो, 'विसर्जन.' त्या परत जाऊन बसल्या. किस्सा मात्र परत सुरू झाला नाही.

मग मी खुर्चीवर बसलो, दुसरीकडे कुठे बसणार. मला राग आला पाहिजे होता, किंवा लाज तरी. मी वाट बघत होतो, काही येत नव्हतं. मग ही उठली, लसणाची परात आणून माझ्या मांडीसमोर स्टुलावर ठेवली. मोठ्या पाकळ्या, भिजवलेल्या, साल सुटत आलेली. म्हणाली, 'जेवायच्या वेळेपर्यंत होईल?' मी म्हणालो, 'होईल.' 'हात दुखला तर सांगा.' मी म्हणालो, 'हो.' डाव्या हाताला पाकळी कळत नव्हती, तो नुसता दाबून धरायचा, उजव्याने ओढायचं. निम्म्या पाकळ्या खाली उडाल्या. नवी पोरगी त्या उचलून परत परातीत टाकत होती.

परात संपली तेव्हा मी ती घेऊन हिच्यापाशी गेलो. उभा राहिलो. नंतर लक्षात आलं की मी टाचा जुळवून उभा होतो. म्हणालो, 'झालं. आता?' ही कॅन्टीनवाल्याशी फोनवर बोलत होती. वर न बघता हाताने मिरच्यांच्या ढिगाकडे दाखवलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, 'देठं काढा. बारक्या आधी.' मी जाऊन बसलो. बारक्या आधी काढल्या. मग मोठ्या.

रोज जातो आता. दुपारपर्यंत. ती सांगते ते करतो, झालं की पुढचं विचारतो. जागेचं कोणी काही बोलत नाही आणि मीही विचारत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पोस्टात टाकलं नसतं, कारण शेवटचं एक सांगायचंय ते दुसऱ्या कोणी वाचलेलं मला चालणार नाही. उस्ताद, त्या पहिल्या दिवशी तिने मिरच्यांकडे बोट केलं तेव्हा मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि वाटलं ते बरंच वाटलं. युनिटमध्ये माझं नाव प्रमोशनला गेलं त्या दिवशी सगळे पाठ थोपटत होते आणि मी मेसमध्ये ताट तसंच ठेवून उठलो. हुकूम द्यायला मला कधी आवडलंच नाही, घ्यायला आवडायचं, आणि हे कळायला अर्धं अंग जावं लागलं. हिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं मी मन मारून देठं काढतोय, म्हणून हल्ली ती माझ्याशी जरा हळू बोलते, येता-जाता खांद्यावर हात ठेवते. तिला तसंच वाटू दे.